अंगणवाडीतली बेरीज

१७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्याच्या बदनावर तालुक्यात, भैंसोला गावी, 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. दोन हजार एकरांहून अधिक जमीन, कापसापासून तयार कपड्यापर्यंतची सगळी कामं एकाच आवारात आणि सुमारे तीन लाख लोकांना प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार, असा सरकारचा अंदाज आहे. त्याच कार्यक्रमात आठव्या राष्ट्रीय पोषण महिन्याची सुरुवातही झाली. बातम्यांमध्ये चर्चा रंगली ती कापसाची आणि गुंतवणुकीची. पण कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत बायकांची संख्या मोठी असते, आणि बायका कामावर गेल्या की त्यांच्या तीन-चार वर्षांच्या पोरांना कुठंतरी बसवावं लागतं. ती पोरं अंगणवाडीत येतील, आणि येताना आपापल्या घरची बोली घेऊन येतील. त्यांच्याशी ताईंनी कोणत्या भाषेत बोलायचं?

प्रश्न कारखान्यामुळं नव्यानं उभा राहिलेला नाही. बदनावरमध्ये तो आधीपासूनच आहे, फक्त कोणी त्याला प्रश्न म्हणत नाही.

एक मूल, तीन भाषा

बदनावर माळव्याच्या पठारावर, धार आणि रतलाम यांच्या दरम्यान वसलेलं गाव. इथल्या घराघरांत मालवी बोलली जाते. जिल्ह्याची निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे, आणि विंध्य उतरून दक्षिणेकडं जावं तशी भिली आणि भिलाली वाढत जाते. कचेरी, बँक आणि शाळा यांची भाषा हिंदी. अठराव्या शतकापासून धार आणि देवास इथं पवारांची राज्यं होती आणि बदनावर हा धार संस्थानातला एक परगणा होता. त्या काळात आलेल्या मराठी कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या माळव्यात आजही आहेत. त्यांच्या घरात 'मला पाणी दे', गल्लीत मालवी आणि शाळेत हिंदी असा तीन पदरी व्यवहार चालतो. १९४८ मध्ये संस्थानं मध्य भारतात विलीन झाली, तरी घरातली मराठी टिकली. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात सुमारे १२ लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली आहे.

त्याच जनगणनेत देशभरातल्या हिंदी भाषकांचा आकडा ५२.८३ कोटी दिसतो. त्यात मालवी सांगणारे ५२ लाख लोक धरलेले आहेत. भिलीची मोजणी मात्र वेगळी आहे. तिचे भाषक १ कोटी ४ लाख, म्हणजे आठव्या अनुसूचीत नसलेल्या भाषांमध्ये ती सर्वांत मोठी. या मोजणीचा परिणाम थेट बालवर्गापर्यंत पोचतो. मालवी ही हिंदीच मानली गेल्यामुळं मालवी घरातलं मूल कागदोपत्री 'मातृभाषेतून' शिकत असतं. भिली घरातल्या मुलाचं वेगळेपण कागदावर आहे, पण बालवर्गाचं साहित्य त्याच्याही हातात बहुधा हिंदीच पडतं.

तीन वर्षांच्या मुलाला ही आकडेमोड ठाऊक नसते. 'म्हारे पाणी पीणो' असं म्हटलं की ताईंना कळतं आणि पाणी मिळतं, एवढं त्याला पुरतं. आपण ज्याला 'बायलिंग्वल प्रीस्कूल' असं झोकदार नाव देतो, ते इथं पाटीशिवाय चालूच असतं. अंगणवाडी सेविका बहुतेक वेळा त्याच गावातली, सहायिका तर अनेकदा त्याच फलियातली, म्हणजे पाड्यातली. मूल रडलं की बोली पुढं येते, तपासणीला साहेब आले की हिंदी. पण ही सोय झाली, शिक्षण नव्हे. कोणती भाषा कशासाठी आणि किती वेळ वापरायची याचा विचार झाला, की शिक्षण सुरू होतं.

दोन भाषांनी मूल गोंधळतं का?

पालकांची पहिली भीती हीच असते, आणि तिला जुन्या संशोधनाचाही आधार होता. १९२३ मध्ये वेल्समध्ये डी. जे. सेअर यांनी शाळकरी मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या आणि वेल्श व इंग्रजी अशा दोन भाषा बोलणारी मुलं मागं पडतात, असा निष्कर्ष काढला. गंमत अशी, की हा फरक फक्त ग्रामीण मुलांमध्ये दिसला होता. शहरातल्या मुलांमध्ये तो नव्हताच. म्हणजे दोष भाषांचा नसून परिस्थितीचा असू शकतो, हे आकड्यांतच दडलेलं होतं. तरीही पुढची चाळीस वर्षं 'दोन भाषा म्हणजे डोक्याला ताप' हा समज पक्का राहिला. १९६२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल शहरात एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी सारख्या आर्थिक स्तरातली मुलं निवडून फ्रेंच आणि इंग्रजी येणाऱ्यांची तुलना एकभाषिक मुलांशी केली. दुभाषी मुलं कुठंही मागं नव्हती, उलट बऱ्याच चाचण्यांत पुढंच होती.

त्यानंतर अभ्यास थेट पाळण्यापर्यंत गेले. ज्या आया गरोदरपणात इंग्रजी आणि तगालोग या दोन्ही भाषा बोलत होत्या, त्यांच्या नवजात बाळांनी दोन्ही भाषांच्या आवाजात रस दाखवला आणि दोन्ही भाषा वेगळ्या ओळखल्या, असं २०१० मध्ये क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन, ट्रेसी बर्न्स आणि जॅनेट वर्कर यांनी प्रसिद्ध केलं. बाळाचा कान जन्मतःच एवढा तयार असतो.

मग मूल एकाच वाक्यात दोन भाषा का मिसळतं? कारण त्याला हवा असलेला शब्द ज्या भाषेत आधी हाताशी येतो, त्या भाषेत ते बोलून मोकळं होतं. मोठी माणसं तरी दुसरं काय करतात? धारमधल्या मराठी घरातली आजी 'भाजीवाल्याकडून धनिया आण' म्हणते तेव्हा तिच्या डोक्यात गोंधळ आहे असं कोणी म्हणत नाही. लहान मुलं बहुतेक वेळा समोरचा माणूस पाहून भाषा बदलतात. हे गोंधळाच्या अगदी उलट आहे.

दुसरी भीती असते शब्द कमी असल्याची. इथं मोजणारा चुकतो. अमेरिकेतल्या मायामीत बार्बरा पिअरसन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये इंग्रजी व स्पॅनिश ऐकत वाढणाऱ्या बाळांचे शब्द मोजले. एकाच भाषेची यादी घेतली तर दुभाषी बाळाचे शब्द थोडे कमी भरू शकतात. दोन्ही भाषांचे शब्द एकत्र धरले, की ते एकभाषिक बाळाच्या बरोबरीला येतं. बदनावरच्या मुलाला स्वयंपाकघरातल्या वस्तू मालवीत, रंग हिंदीत आणि आजोळची नाती मराठीत येत असतील, तर फक्त हिंदी तक्ता समोर धरून 'याला काहीच येत नाही' म्हणणं हा मोजमापातला दोष आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. वयाची दोन वर्षं उलटली तरी मूल कोणत्याच भाषेत बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर त्याचं खापर दोन भाषांवर फोडून थांबू नये. कानाची तपासणी करून घ्यावी. आणि दुभाषी मुलांचा मेंदू अधिक तल्लख होतो, या दाव्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तो गाजला खूप, पण पुढच्या अनेक अभ्यासांत तसा फायदा दिसला नाही. दोन भाषा येणं हाच दोन भाषा शिकण्याचा खरा फायदा, आणि तो पुरेसा आहे.

इंग्रजी आणि स्पॅनिश: अमेरिकेचा धडा

या विषयावर मोठा अनुभव जमा झाला तो अमेरिकेत, इंग्रजी व स्पॅनिशच्या जोडीवर. क्युबातल्या १९५९ च्या क्रांतीनंतर हजारो कुटुंबं मायामीत आली. तिथल्या कोरल वे शाळेनं १९६३ मध्ये निम्मं शिक्षण इंग्रजीत आणि निम्मं स्पॅनिशमध्ये सुरू केलं. वर्गात दोन्ही भाषांची मुलं होती आणि दोघांनीही एकमेकांची भाषा शिकायची होती. १९६८ मध्ये द्विभाषिक शिक्षणासाठी केंद्रीय कायदा झाला, पैसाही मिळाला. पुढं वारं फिरलं. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी शाळांमधलं द्विभाषिक शिक्षण जवळजवळ बंद करणारा प्रस्ताव मंजूर केला, आणि २०१६ मध्ये त्याच मतदारांनी तो उलटवला. लहान मुलांच्या भाषेचं राजकारण मोठी माणसं कसं करतात, याचा तो नमुना. महाराष्ट्रानंही २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून असंच वादळ पाहिलं. एप्रिलमधला शासन निर्णय, जूनमधला सुधारित निर्णय आणि जूनअखेर दोन्ही मागं.

राजकारण बाजूला ठेवून मुलांकडं पाहिलं तर काय दिसतं? रटगर्स विद्यापीठातले स्टीव्हन बार्नेट आणि सहकारी यांनी २००७ मध्ये एक काटेकोर प्रयोग प्रसिद्ध केला. तीन-चार वर्षांच्या मुलांना चिठ्ठ्या टाकून दोन प्रकारच्या बालवर्गांत वाटून दिलं. एका वर्गात सगळं इंग्रजीत. दुसऱ्यात मुलं एक आठवडा इंग्रजी बोलणाऱ्या बाईंकडं, पुढचा आठवडा स्पॅनिश बोलणाऱ्या बाईंकडं. सामान्य हिशेबानं निम्माच वेळ इंग्रजी ऐकणारी मुलं इंग्रजीत मागं पडायला हवी होती. तसं झालं नाही. इंग्रजीतली प्रगती दोन्हीकडं जवळपास सारखी होती, आणि दुसऱ्या गटाची स्पॅनिश वर नफ्यात.

याच्या उलट टोकाचं चित्र भाषातज्ज्ञ लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ मध्ये मांडलं. घरी इंग्रजी नसलेल्या हजाराहून अधिक कुटुंबांकडून माहिती घेतली, तेव्हा दिसलं की ज्यांची मुलं केवळ इंग्रजी बालवर्गांत गेली, त्यांतल्या अनेक घरांत मुलांनी आईबापांची भाषा बोलणं सोडलं होतं. पुढं समजावणं, रागावणं, धीर देणं या गोष्टींसाठीसुद्धा घरात समान भाषा उरली नाही. मुलाला इंग्रजी आली, पण घराशी बोलणं तुटलं.

लँबर्ट यांनी या दोन वाटांना दिलेली नावं मराठीत सहज बसतात: बेरजेचं द्विभाषिकत्व आणि वजाबाकीचं द्विभाषिकत्व. पहिल्यात घरच्या भाषेवर दुसरी चढते. दुसऱ्यात दुसरी येते आणि पहिली जाते. दोन्हींत मुलाची कुवत तीच असते, फरक मोठ्यांच्या आखणीत असतो.

भावनगर, बोर्डी, धार

आपल्याकडं ही आखणी कोणी केलीच नाही, असं समजायचं कारण नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं ते गुजरातीत, मुलांच्या भाषेत. तिथं त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. १९४५ मध्ये अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम उभं राहिलं. वारली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागड्या मॉन्टेसरी साधनांच्या जागी पानं, बिया, शंख, गारगोट्या आल्या. अंगणवाडी ही कल्पना तिथली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ गटांत सुरू केली, तेव्हा ती देशभर पसरायला लागली.

या परंपरेचा एक धागा धारपर्यंत येतो. गिजुभाईंचं लेखन हिंदीत आणणारे काशिनाथ त्रिवेदी यांनी धार जिल्ह्यातल्या टवलाई गावी ग्राम भारती आश्रम उभारला. गांधीजींच्या आत्मकथेचा हिंदी अनुवादही त्यांचाच. गुजराती विचार, मराठी प्रयोग आणि हिंदी अनुवाद, असा बालशिक्षणाचा प्रवास माळव्यात अनोळखी नाही.

कागदावर धोरणही अनुकूल आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तिथं मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथं, घरची भाषा हे माध्यम सांगितलं. ऑक्टोबर २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तोच आग्रह आहे. २०२४ मध्ये अंगणवाड्यांसाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रम आला. ओडिशानं तर २००६ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून बहुभाषिक शिक्षण सुरू केलं होतं. धोरणातले 'शक्य तिथं' हे दोन शब्द मात्र फार सैल आहेत. कोणी करायचं ठरवलं तरच ते शक्य होतं.

संजाच्या भिंतीवर

करायचं म्हणजे काय, ते माळव्याच्याच एका उदाहरणावरून पाहू. पितृपंधरवड्यात इथल्या मुली संजा मांडतात. भिंतीवर शेणानं रोज एक वेगळी आकृती काढायची, तिला फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि संध्याकाळी मालवी गाणी म्हणून प्रसाद वाटायचा. चंद्र-सूर्य, पाच कुंवारे असं करत शेवटच्या दिवसांत मोठा किल्लाकोट येतो. महाराष्ट्रात जसा भोंडला, खानदेशात जशी गुलाबाई, तशीच माळव्यात संजा.

आता हीच संजा अंगणवाडीत आणा. पहिल्या दिवशी सगळं मालवीत: आकृती कोणती, फुलं कोणत्या रंगाची, किती लावली, कुठं लावली. मुलं मोकळेपणानं बोलतात, कारण विषय घरचा आणि भाषाही घरची. दुसऱ्या दिवशी तीच भिंत, तीच फुलं, पण ताई हिंदीत बोलतात. काय चाललंय हे मुलांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळं नवे शब्द अर्थासकट कानावर पडतात. फलियातली सहायिका असेल तर तिच्याकडून भगोरियाच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजाराच्या, गोष्टी भिलीत. त्यासाठी लागतं शेण, गुलतेवडीची फुलं आणि बोलणारं माणूस.

या छोट्या उदाहरणात जगभरच्या अनुभवाचे तीन नियम आहेत. एक, दोन्ही भाषांना वेळ किंवा माणूस ठरवून द्यावा. एकाच दमात वाक्यावाक्याचं भाषांतर करत गेलं तर मूल दुसऱ्या भाषेकडं लक्षच देत नाही, आपली भाषा येईपर्यंत थांबतं. दोन, नवी भाषा ओळखीच्या विषयावरून शिकवावी. विषयही नवा आणि भाषाही नवी, असा दुहेरी भार टाकू नये. तीन, जी भाषा शिकवायची ती शिकवणाऱ्याला सहज बोलता यायला हवी.

तिसऱ्या नियमावर गावोगावच्या 'इंग्लिश मीडियम नर्सरी' नापास होतात. पाटी इंग्रजी, गणवेश टाय-बुटांचा, पण वर्गात चार ठरावीक आज्ञा आणि 'ए फॉर ॲपल' सोडलं तर इंग्रजी संभाषण नाही. मूल तीन वर्षं पाठांतर करतं, पण कोणी त्याच्याशी इंग्रजीत बोलत नाही. घरची भाषाही मधल्या मध्ये लाजिरवाणी ठरते. याला द्विभाषिक शिक्षण म्हणता येणार नाही.

'लहानपणीच सुरू केलं नाही तर इंग्रजी राहून जाईल' ही धास्तीही तपासून पाहावी. १९७८ मध्ये कॅथरिन स्नो आणि मारियान हूफनागल-होले यांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचं डच शिकणं वर्षभर पाहिलं. सुरुवातीला सर्वांत वेगानं शिकली बारा ते पंधरा वर्षांची मुलं, आणि वर्षाअखेर सर्वांत मागं होती तीन ते पाच वर्षांची. लहान वयाचा फायदा मुख्यतः उच्चारांत आणि दीर्घकाळ भाषा कानावर पडत राहिली तर मिळतो. म्हणून इंग्रजीची घाई करून घरच्या भाषेवर पाणी सोडण्यात शहाणपण नाही.

माळव्याला एक सोय आयतीच मिळाली आहे. मालवी, हिंदी आणि मराठी तिन्ही देवनागरीत लिहिल्या जातात, मध्य प्रदेशात भिलीसुद्धा. एका भाषेत अक्षर आणि आवाज यांची सांगड बसली, की तीच सांगड दुसऱ्या भाषेत कामी येते. पहिल्या भाषेतलं वाचन पक्कं असलं की दुसऱ्या भाषेतलं सोपं जातं, असं जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलं आहे. इथं तर लिपीही बदलत नाही.

घरातल्यांनी काय करायचं

अंगणवाडीनं कितीही केलं तरी घरची भाषा घरातच टिकते. अ‍ॅनिक डी हाउवर यांनी बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात दोन भाषा कानावर पडणाऱ्या मुलांची पाहणी केली, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा मुलं घरची दुसरी भाषा बोलतच नव्हती. त्यांना ती कळत होती, पण तोंडात येत नव्हती. भाषा नुसती ऐकून पुरत नाही, तिच्यात उत्तर द्यावं लागतं. धार, देवास, बदनावरमधल्या मराठी घरांनी हे विशेष लक्षात घ्यावं. आजीनं मराठीत विचारायचं आणि नातवानं हिंदीत उत्तर द्यायचं, हे चित्र परिचयाचं आहे. तिथं रागावण्याऐवजी खेळ, गोष्ट, मामाशी फोन, असं काहीतरी काढावं, की जिथं मराठीशिवाय काम भागणार नाही.

पालकांनो, मूल तीन वर्षांचं झालं की त्याला अंगणवाडीत जरूर पाठवा आणि ताईंना एवढंच विचारा, 'गोष्ट कोणत्या भाषेत सांगता?' 'दोन्ही भाषांत' असं उत्तर आलं तर समाधान माना. 'फक्त हिंदीत' किंवा 'फक्त इंग्रजीत' असं आलं, तर आठवड्यातून एक दिवस स्वतः जाऊन आपल्या भाषेत गोष्ट सांगायची तयारी दाखवा. त्यासाठी ना शासन निर्णय लागतो, ना निधी. भैंसोल्याच्या कारखान्यांत माणसं यायची आहेत. त्याआधी हे शिकून घेतलं, तर येणाऱ्या प्रत्येक मुलाची भाषा बदनावरच्या अंगणवाडीत मावेल.